४४ व्या जागेवर

बारशाच्या आदल्या दुपारी मावशीनं माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरवून घेतली. नागपूरच्या महाल भागातल्या त्या जुन्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी माजघर अंधारं ठेवतात. कूलरची घरघर तेवढी चालू असते आणि ओल्या वाळ्याचा वास. पेटीचं झाकण उघडलं आणि त्या वासावर दुसराच वास चढून बसला, डांबरगोळ्यांचा. आजीची धुऊन धुऊन मऊ झालेली नऊवारी, झबली, दुपटी, जरीची कड असलेली एक कुंची, आणि प्रत्येक थरात झिजत आलेल्या पांढऱ्या गोळ्या. मावशीनं कुंची उजेडात धरली, जरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "उद्या हेच घालू त्याले. तुह्या मोठ्या मामापासून सारे यातच पाळण्यात निजले." मी म्हटलं, "मावशी, ही पेटी आधी गच्चीवर पाठव. यातलं काहीच सध्या बाळाच्या अंगाला लावायचं नाही."

"काहून?"

काहून, तर बाळ जन्मल्यावर दोन दिवसांतच पिवळं पडलं होतं, निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं होतं, आणि मग रक्ताच्या रिपोर्टात जी६पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज) या एन्झाइमपुढचा आकडा फार खाली आला होता. मी मावशीला एवढंच सांगितलं की त्याच्या रक्तात एक एन्झाइम कमी आहे आणि डांबरगोळीची वाफ अशा रक्ताला सोसत नाही. तिनं बाळाच्या खोलीकडे पाहिलं. "कमी म्हणजे काय कमी? दूध पिऊन राह्यला, वजन वाढून राह्यलं, रडते बी खणखणीत." आणि मग आवाज जरा खाली आणून, "हे आलं कोणाकडून?" दारात वहिनी बसली होती, मांडीवर बाळ. मी खरं तेच सांगितलं. मुलाला हे आईकडूनच येतं. त्यानंतर कोणी बोललं नाही. बाळाला थोपटणारा वहिनीचा हात मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. पाठ्यपुस्तकातलं एक निखळ बरोबर वाक्य माजघरात पोचेपर्यंत आरोप झालं होतं, आणि ते मला घरी येईपर्यंत, नंतरही कितीतरी दिवस, टोचत राहिलं.

मी हेच शिकवते. बीएस्सीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवते: ग्लुकोज-६-फॉस्फेट, पुढे बाण, बाणावर एन्झाइमचं नाव, पलीकडे पुढचा पदार्थ. परीक्षेला तो बाण पुरतो. पण मावशीचा पहिला प्रश्न बाणानं सुटत नाही. काय कमी आहे याचं उत्तर द्यायचं तर त्या बाणाच्या जागी खरोखर जे बसलं आहे ते बघावं लागतं. त्या रात्री घरी आल्यावर मी लॅपटॉपवर या एन्झाइमची रचना उघडली. एन्झाइम हे प्रथिनच, आणि प्रथिनांच्या रचना साठवणारं सार्वजनिक भांडार आहे. तिथे कोणीही जाऊन एकेका अणूची जागा पाहू शकतं, रेणू बोटानं फिरवून मागून-पुढून न्याहाळू शकतं. बाहेर गल्लीत कुणाच्या तरी लग्नाचा बँड चालला होता आणि माझ्या समोर निळ्या-हिरव्या फितींचा एक गुंता सावकाश गरगरत होता.

५१५ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांची, एक साखळी. ती सरळ कधीच राहत नाही, तयार होता होताच घडी घालून घेते. सुरुवातीचा भाग आटोपशीर आहे: मधे पट्ट्यांचा थर, दोन्ही बाजूंना मळसूत्री वळणं. या घडीला रॉसमनची घडी म्हणतात, मायकेल रॉसमन यांच्या नावावरून, आणि एनएडीपीसारख्या सहरेणूला (एन्झाइमला कामात साथ देणाऱ्या छोट्या रेणूला) धरायला निसर्गानं ती असंख्य एन्झाइमांत पुन्हा पुन्हा वापरली आहे. दुसरा भाग मोठा. त्यात नऊ पट्ट्यांचा एक रुंद थर आहे, आणि हा थर दुसऱ्या तशाच साखळीच्या थराला भिडतो, तेव्हा कुठे जोडी होते. एकटी साखळी निरुपयोगी. जोडी हवी, आणि पेशीत अशा दोन जोड्या मिळून चौकडीही होते. मला पेटीतली आजीची नऊवारी आठवत राहिली. कापड तेच, लांबी तीच, पण निऱ्या नीट चोपून काष्टा घट्ट खोचला तरच तिच्यात शेतात वाकून काम होतं. काष्टा सैल असेल तर वार नऊच्या नऊ असून उपयोग नाही.

आणि या एन्झाइममध्ये खोचलेली जागा कुठे आहे हे कळायला बराच काळ गेला. १९९४ साली ऑक्सफर्डमधल्या गटानं ल्युकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूतल्या जी६पीडीची रचना क्ष-किरणांनी उलगडली. माणसाच्या एन्झाइमची रचना यायला २००० साल उजाडलं. तीही निरोगी माणसाच्या एन्झाइमची नव्हती, कँटन नावाच्या बदललेल्या प्रकाराची होती. तिच्यात एक गोष्ट अशी दिसली जी जिवाणूत नव्हती: एनएडीपीचा आणखी एक रेणू. जिथे रासायनिक काम चालतं तिथला तर वेगळाच. हा दुसरा त्या जागेपासून दूर, दोन साखळ्या जुळतात त्या सांध्याजवळ बसलेला. तो कामात भाग घेत नाही. तो नुसता बसून घडी धरून ठेवतो. ज्या रुग्णांचं रक्त कुठलंही औषध, कुठलाही ताप नसताना वर्षानुवर्षं फुटत राहतं, त्यांच्यातले बदल या रेणूभोवती आणि त्या सांध्याभोवती दाटीनं सापडतात. मी ती जागा स्क्रीनवर मोठी करून बराच वेळ बघत बसले. कामाला हात न लावणाऱ्या एका रेणूवर एखाद्या माणसाचं अख्खं आयुष्य बेतलेलं असतं, आणि आपण शिकवताना त्याचं नावही घेत नाही. मी तरी आता घेते.

कामाची जागा त्या मानानं साधी. ग्लुकोज-६-फॉस्फेटचा रेणू येतो, २०५ व्या जागेवरचं लायसिन हे अमिनो आम्ल त्याला धरतं, २६३ व्या जागेवरचं हिस्टिडिन त्याच्याकडून एक प्रोटॉन ओढून घेतं, आणि त्याच क्षणी ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवरचा हायड्रोजन दोन इलेक्ट्रॉन सोबत घेऊन शेजारच्या एनएडीपीवर उडी मारतो. एनएडीपीचं एनएडीपीएच झालं. बस, एवढंच. पण तांबड्या पेशीत या एवढ्याशावर सगळं उभं आहे. तिच्यात मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारे भाग, नाहीत, केंद्रक नाही. पोटात लोह आणि ऑक्सिजन घेऊन ती १२० दिवस शरीरभर फिरते, आणि लोह-ऑक्सिजन एकत्र आले की पेरॉक्साइडसारखे जाळणारे पदार्थ तयार होणारच. ते विझवायचं काम ग्लुटाथायोन करतं, आणि वापरलेल्या ग्लुटाथायोनला पुन्हा कामावर आणायला एनएडीपीएच लागतं. इतर पेशींना ते मिळवायचे आणखी मार्ग असतात. तांबड्या पेशीला हा एकच. तो आटला की हिमोग्लोबिनच्या गाठी होतात, प्लीहेतून जाताना त्या गाठी खुडल्या जातात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कडेला चावा घेतल्यागत दिसतात. डांबरगोळीतलं नॅप्थलीन शरीरात गेलं की त्याचे नॅप्थॉल आणि नॅप्थोक्विनोन होतात आणि ते हीच आग भडकवतात. तान्ह्या बाळाचं यकृत अजून कच्चं, फुटलेल्या पेशींतून निघालेलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य त्याला बाहेर टाकता येत नाही, आणि ते वाढत गेलं तर मेंदूपर्यंत पोचतं. म्हणून पेटी गच्चीवर.

हे रक्त ओळखतात कसं, ते मी विद्यार्थिनी असताना इथेच एका प्रयोगशाळेत पाहिलं आहे, आणि ते आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकायचा. त्यात ग्लुकोज-६-फॉस्फेट असतं, एनएडीपी असतं, आणि पेशी फोडायला सॅपोनिन. लगेच त्यातला एक ठिपका गाळणकागदावर ठेवायचा, पाच मिनिटांनी दुसरा, दहा मिनिटांनी तिसरा. कागद वाळवायचा. मग खोलीतले दिवे बंद करून अतिनील दिव्याखाली धरायचा. एनएडीपीएच त्या प्रकाशात निळसर चमकतं, एनएडीपी चमकत नाही. पहिल्या ओळीत तीन ठिपके होते. पहिला काळा, दुसरा फिकट उजळ, तिसरा लख्ख. खालच्या ओळीतले तिन्ही काळे. मॅडमनी त्या ओळीवर पेन्सिलनं क्रमांक लिहिला आणि पुढचा कागद उचलला. हायड्रोजनची ती उडी, जी कधी डोळ्यांना दिसायची नाही, ती तिथे दिसली होती, किंवा दिसली नव्हती. मॅडमनी आणखी एक गोष्ट बजावली, जी पुस्तकात लहान अक्षरांत असते: रक्त नुकतंच फुटून गेलं असेल तर ही चाचणी फसवते, कारण जुन्या पेशी मरून गेलेल्या असतात आणि मागे उरलेल्या ताज्या पेशींत एन्झाइम बऱ्यापैकी असतं. म्हणून काही आठवडे थांबून पुन्हा बघायचं.

यात मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं. शरीर हे एन्झाइम बनवायचं थांबवत नाही. बाळाच्या अस्थिमज्जेत जन्मणाऱ्या प्रत्येक पेशीला ते मिळतं. प्रश्न पुढचा आहे. केंद्रक टाकून दिलेल्या पेशीला नवीन एन्झाइम करता येत नाही, मिळालेल्या शिदोरीवरच १२० दिवस काढायचे. मेडिटरेनियन नावाच्या प्रकारात १८८ व्या जागेवर छोट्या सेरिनऐवजी थोराड फिनाइलअॅलनिन येतं, घडीत मावत नाही, आणि एन्झाइम लवकर विरून जातं. पेशी म्हातारी होईपर्यंत जवळपास काही उरत नाही. कल्याणच्या नावानंही एक प्रकार आहे, केरळ-कल्याण. त्यात ३१७ व्या जागेवर ग्लुटामेटऐवजी लायसिन, म्हणजे ऋण भाराच्या जागी धन भार. असे २०० च्या वर बदल आजवर नोंदले गेले आहेत, आणि जगभरात सुमारे ४० कोटी माणसं यांपैकी कोणता ना कोणता बदल अंगात घेऊन जगताहेत. त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकही नसतं, कारण पेशीला कुणी डिवचलं नाही तर काहीच होत नाही.

मला त्यातला एक प्रकार सोडवत नाही.

तो ओरिसा. तिथल्या आदिवासी समाजांत आढळला म्हणून हे नाव, १९९५ साली प्रसिद्ध झालेला. रॉसमनच्या घडीत पहिली पट्टी संपून पहिलं मळसूत्र सुरू होतं तिथे एक छोटं वळण आहे, एनएडीपी तिथेच टेकतो. ३८ ते ४४ या सात जागांवरची अमिनो आम्लं जिवाणूपासून माणसापर्यंत फारशी हललेली नाहीत, इतकी ती जागा मोलाची. ४४ व्या जागेवर अॅलनिन असतं. ओरिसा प्रकारात तिथे ग्लायसिन येतं. वीस अमिनो आम्लांतली ही सगळ्यात लहान दोन: अॅलनिनच्या बाजूला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, ग्लायसिनच्या बाजूला नुसता एक हायड्रोजन. पण त्या एका कार्बनमुळे अॅलनिनला वळण्यावर मर्यादा येते. साखळीचे कोन कुठवर वळू शकतात याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासला बसून काढला होता, आणि त्या नकाशावर ग्लायसिन जवळजवळ कुठेही फिरू शकतं. जिथे ताठ राहायला हवं तिथे फिरणारा गडी आला. एन्झाइम टिकतं ठीक, पण एनएडीपीला धरायचं तर आधीच्या पाचपट एनएडीपी लागतं. जनुकात याचं मूळ १३१ व्या अक्षरात, सी च्या जागी जी. मी स्क्रीनवर ते ४४ वं अॅलनिन लाल रंगवून ठेवलं आणि त्याच्या कडेचा तो कार्बन किती वेळ बघत होते कोण जाणे. विदर्भात सिकलसेलमुळे घराघरात लोकांना ठाऊक आहे की एका अक्षरानं रक्ताचं काय होतं. या दुसऱ्या अक्षराचं नाव मात्र अजून वस्त्यांपर्यंत गेलेलं नाही.

बारसं झालं. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. आदल्या संध्याकाळी मी वहिनीला लिहून दिलेला कागद तिनं फ्रिजवर लावला होता: डांबरगोळ्या नाहीत, बाळाला मेंदी नाही, हिवतापाची प्रायमाक्विन गोळी नाही, कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी हे सांगायचं. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. पेटीतलं सगळं चार-चारदा धुऊन उन्हात टाकलं होतं, तरी कापडाला वास होताच. तो सहज निघणारा नव्हता, तसे कपडे बाळाला नकोच हे एव्हाना मावशीनंही मानलं होतं. वहिनीचं माहेर गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीकडे. ती एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही कागदावर हिवतापाच्या गोळीचं लिहिलं नं, प्रायमाक्विन, तवा मले आठवलं. माह्या भावाले लहानपणी हिवताप आल्ता. गोळ्या सुरू केल्या अन् दोन-तीन दिवसांत लघवी काळीभोर. डोळे पिवळे. बाबांनी गोळ्या फेकून देल्या अन् कावीळ उतरवाले नेलं त्याले." भाऊ वाचला. पण तेव्हापासून त्या घरात हिवतापाच्या गोळीवर कुणाचा विश्वास नाही, ताप आला तरी पांढरी गोळी घ्यायची आणि बाकीच्या चुलीत टाकायच्या.

मला ते ऐकून काय वाटलं हे नीट सांगणं अवघड आहे. एकीकडे कोडं उलगडल्याचं समाधान, कारण हा रोग जगाला कळला तोच या गोळीमुळे. शिकागोजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग झाले, काहींचं रक्त प्रायमाक्विननं फुटलं, आणि १९५६ साली त्यांच्या पेशींत नेमकं हेच एन्झाइम कमी पडतं हे दाखवून दिलं गेलं. त्या कैद्यांना नाही म्हणायची मोकळीक कितपत होती हा प्रश्न मला ते वाचताना दर वेळी अडवतो. दुसरीकडे राग, की इतक्या वर्षांनीही चामोर्शीकडच्या एका घराला आपल्या मुलाला काय झालं ते कळलेलं नव्हतं. व्हायवॅक्स मलेरियात यकृतात दडून बसलेले परजीवी मारायला प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावं लागतं, त्याला पर्याय फारसा नाही. ज्या जंगलपट्ट्यात मलेरिया पिढ्यान् पिढ्या होता, तिथेच हे बदल टिकून राहिले, कारण परजीवी याच तांबड्या पेशीत वाढतो आणि आधीच आगीला कच्ची असलेली पेशी त्याला सुखानं राहू देत नाही. म्हणजे ज्या बदलानं वहिनीच्या पूर्वजांतली किती मुलं हिवतापातून जगली, त्याच बदलानं तिच्या भावाला हिवतापाच्या औषधानं जिवावर बेतलं.

तिच्याच बाबतीत आणखी एक गोष्ट मी त्या गच्चीवर तिला सांगितली, आणि मग खाली येऊन मावशीला ऐकू जाईल अशी पुन्हा सांगितली. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बाईला दोन एक्स, पण प्रत्येक पेशीत एकच जागता असतो, दुसरा मिटून घेतो. मेरी लायन यांनी १९६१ साली हे मांडलं आणि अर्नेस्ट ब्यूटलर यांनी याच एन्झाइमवरून ते माणसात दाखवलं: वाहक बाईच्या रक्तात दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी वाहतात, एक भक्कम, एक कच्ची. वहिनीला हे तिच्या आईकडून आलं असणार, कारण भावालाही आहे. तिच्या आईला तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून. कुठल्या तरी पिढीत, कुठल्या तरी हिवतापाच्या पावसाळ्यात, याच्याच जोरावर एक मूल तगलं आणि म्हणून आज पाळण्यात हे मूल आहे. मावशी ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मंग पोरगीचं काय?" वहिनीची थोरली मुलगी अंगणात खेळत होती. तिला तो एक्स मिळाला असण्याची शक्यता निम्मी, तपासायला हवं. मावशी म्हणाली, "तपासून घ्या. अन् हिच्या भावालेबी बोलवा." तिच्या आवाजात आदल्या दिवशीचा तो सूर नव्हता, निदान मला तरी ऐकू आला नाही. वहिनीला ऐकू आला का, हे मी विचारलेलं नाही.

२०१८ साली स्टॅनफर्डमधल्या एका गटानं एजी-१ नावाचा छोटा रेणू शोधला. तो दोन साखळ्यांच्या सांध्यावर काम करतो आणि जोडी सुटू देत नाही. कँटन प्रकारावर तो चालतो, प्रयोगशाळेत. औषध अजून झालेलं नाही. पण सांधा कुठे आहे हे २००० साली दिसलं नसतं तर तो कुठे धरायचा हेही कुणाला कळलं नसतं, म्हणून मी या रचना मुलांना आता बाण काढण्याआधी दाखवते, आणि प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी पुढे सरकून तो गरगरणारा गुंता जवळून बघतं.

वहिनीचा भाऊ पुढच्या महिन्यात नागपूरला येतो आहे. मिरच्या उतरल्या की निघतो म्हणाला. साधी चाचणी तर करूच, पण सोबत जनुकाचीही करायची असं आम्ही ठरवलं आहे, भावाची आणि थोरल्या मुलीची. खर्च मी आणि मावसभाऊ मिळून करणार आहोत. रिपोर्टात ओरिसा प्रकारातलं १३१ वं अक्षर बदललेलं निघतं की मेडिटरेनियनमधलं ५६३ वं, की तिसरंच काही, ते बघायचं आहे. आणि काहीही निघालं तरी त्याच्या गावच्या आरोग्यसेविकेला द्यायचा कागद मराठीत टाइप करून माझ्याजवळ तयार आहे.